‘मला वाटलं, तिला मजा येऊन राहिली’

नागपुरातल्या एका आईचं पत्र आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगा साडेनऊ वर्षांचा, चौथीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत नणंद पाच वर्षांच्या लेकीला घेऊन माहेरी आली होती. एका संध्याकाळी मुलानं त्या चिमुरडीला शिडीवरून पाण्याच्या टाकीवर चढवलं आणि शिडी काढून घेतली. आई गच्चीवर पोचली तेव्हा मुलगी वर ताठ बसलेली, डोळे विस्फारलेले, तोंड उघडं, घशातून आवाज फुटत नव्हता. मुलगा खाली उभा राहून टाळ्या वाजवत होता. ‘ती घाबरली हे दिसलं नाही तुला?’ यावर तो म्हणाला, ‘मला वाटलं, तिला मजा येऊन राहिली.’ आईनं थप्पड मारली. तो वर बघत राहिला, तशी आई ओरडली, ‘डोळे काय दाखवतो, नजर खाली!’ रात्री त्यानं आपला तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी त्या मुलीच्या उशाशी नेऊन ठेवला.

दोन दिवसांनी धाकट्या दिरानं मोबाइलवर चेहरे ओळखायची एक चाचणी मुलाकडून सोडवून घेतली. चोवीस फोटो, सहा भावना. आनंदाचे चारही बरोबर, रागाचे तीन. भीतीच्या चार फोटोंना त्यानं तीनदा ‘आश्चर्य’ आणि एकदा ‘आनंद’ म्हटलं. दीर म्हणाला, ‘वहिनी, सायकोपॅथ लोकांना भीतीचा चेहरा ओळखता येत नाही असं वाचलंय मी.’ तेव्हापासून आईला झोप नाही. नवऱ्याला सांगितलेलं नाही. सासूबाई म्हणतात, ‘पोट्टे असेच राहतात.’ आई लिहिते, ‘मी आता माझ्याच मुलाकडे चोरून बघते. तो तसा आहे का? सुधारेल का? आणि शाळेत कळू न देता कुठे दाखवू?’

ताई,

तुमच्या पत्रात चाचणीबद्दल दीड पान आहे, गच्चीबद्दल अर्धं, आणि लाकडी नंदीबद्दल एकच ओळ. मला हे प्रमाण उलटं करायचं आहे. पण झोप चाचणीनं उडवली आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

दिरानं जे वाचलं ते खोटं नाही, पण त्यावरून तुमच्या मुलाबद्दल काहीच ठरत नाही. सायकोपॅथी, म्हणजे दुसऱ्याच्या दुःखाचं काही न वाटणं आणि पश्चात्ताप नसणं, हे साडेनऊ वर्षांच्या मुलाचं निदान असूच शकत नाही. मानसोपचारात डॉक्टर ज्या अमेरिकन निदानपुस्तिकेचा आधार घेतात, तिच्यात या नावाचा स्वतंत्र विकारच नाही. त्याच्या जवळपास येणारा समाजविरोधी व्यक्तिमत्त्व विकार आहे, पण वयाची १८ वर्षं पूर्ण होण्याआधी तो कोणालाही लावता येत नाही. सायकोपॅथी मोजण्यासाठी सर्वांत जास्त वापरली जाणारी यादी कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांची. २० मुद्दे, प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, म्हणजे जास्तीत जास्त ४०. उत्तर अमेरिकेत ३० किंवा त्याहून जास्त गुण पडले तर तो शब्द वापरतात. ही यादी प्रौढांसाठी, मुख्यतः कैद्यांसाठी बनवलेली आहे, आणि प्रशिक्षित माणसानं लांबलचक मुलाखत घेऊन, जुनी कागदपत्रं तपासून ती भरायची असते. त्या २० मुद्द्यांत चेहऱ्यावरची भावना ओळखता येते की नाही, हा मुद्दा नाहीच.

मग चेहऱ्यांचा विषय आला कुठून? ब्रिटनमधले संशोधक जेम्स ब्लेअर यांनी १९९५ साली एक कल्पना मांडली. समोरच्याचा घाबरलेला किंवा रडवेला चेहरा आपल्याला ब्रेकसारखा थांबवतो. भांडणात हात उगारलेला असतो, समोरचा आक्रसतो आणि आपला हात आपोआप खाली येतो. ज्यांच्यात निर्दयपणा मुरलेला असतो त्यांचा हा ब्रेक नीट लागत नसावा, असं त्यांचं म्हणणं. पुढे २००८ मध्ये ॲबिगेल मार्श आणि ब्लेअर यांनी त्या वेळेपर्यंतचे अभ्यास एकत्र करून पाहिले. समाजविरोधी वागणाऱ्या लोकांना भीतीचा चेहरा ओळखणं खरोखरच जास्त अवघड जात होतं. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एमी डॉवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असाच आढावा सायकोपॅथीपुरता घेतला, तेव्हा चित्र आणखी पसरट निघालं. अडचण एकट्या भीतीची नव्हती, दुःखाची होती, थोडीफार आनंदाचीही होती, आणि चेहऱ्याबरोबर आवाजातल्या भावनेचीही होती.

पण हे सगळे गटांच्या सरासरीतले फरक आहेत, आणि ते फार मोठेही नाहीत. असे गुण असलेली कितीतरी माणसं चेहरे अचूक ओळखतात. उलट, सहा भावनांत भीती ओळखणं साध्यासुध्या माणसांनाही सर्वांत जड जातं आणि ती हमखास आश्चर्यात मिसळते. मुलांना आनंद लवकर ओळखता येतो, भीती उशिरा, आणि ही जाण किशोरवयापर्यंत पक्की होत जाते. मे महिन्यात आपल्याकडे ऊन लागलेल्या माणसाला ताप येतो. म्हणून ताप आलेल्या प्रत्येकाला ऊनच लागलं, असं नागपुरातला कोणता डॉक्टर म्हणेल? दिरांनी नेमकं तेच केलं आहे.

माझी विनंती, ती चाचणी पुन्हा घेऊ नका. मुलाला पुरतं कळतं की काका आणि आई आपल्यात काहीतरी शोधताहेत.

आता एका बाईची गोष्ट सांगते, कारण तुमच्या मनातली मूळ गाठ तिच्यामुळे सुटेल असं मला वाटतं. अमेरिकेतल्या या बाईला शास्त्रीय लेखांत फक्त एस. एम. म्हणतात. एका दुर्मीळ आजारानं तिच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा अमिग्डाला निकामी झाला. हा बदामाच्या आकाराचा छोटा भाग (ग्रीक भाषेत त्या शब्दाचा अर्थच बदाम) भीतीच्या अनुभवाशी जोडलेला असतो. राल्फ अ‍ॅडॉल्फ्स आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखवलं की तिला घाबरलेला चेहरा ओळखता येत नाही. म्हणजे दिरांच्या चाचणीत ती सपशेल नापास झाली असती. आणि ही बाई वागायला मोकळी, मैत्रीपूर्ण. कोणाला इजा करणाऱ्यातली मुळीच नाही.

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. २००५ मध्ये त्याच संशोधकांच्या लक्षात आलं की चेहरा बघताना एस. एम. समोरच्याच्या डोळ्यांकडे बघतच नाही. तिला सांगितलं, ‘डोळ्यांकडे बघ.’ तिला भीती ओळखता आली! सूचना थांबली की पुन्हा पहिल्यासारखं. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, ऑस्ट्रेलियात मार्क डॅड्स आणि सहकाऱ्यांनी हेच मुलांच्या बाबतीत करून पाहिलं. ज्या मुलांमध्ये निर्ममतेची, म्हणजे दुसऱ्याच्या भावनांचं काही न वाटण्याची, लक्षणं जास्त होती, त्यांना भीतीचे चेहरे ओळखायला जड जात होतं. डोळ्यांकडे बघायला सांगितल्यावर तेवढ्यापुरती त्यांची अडचण नाहीशी झाली. तेवढ्यापुरती हा शब्द मी जाणूनबुजून लिहिते आहे. हा इलाज म्हणता येणार नाही, पण नजर कुठे जाते यावर बरंच अवलंबून आहे एवढं त्यातून कळतं.

टाकीवरच्या त्या लेकराचा चेहरा आठवा. तोंड उघडं, डोळे विस्फारलेले. आश्चर्यातही तोंड उघडतं, डोळे मोठे होतात, आणि पाळण्यात बसून आनंदानं किंचाळायच्या आधी मुलांचा चेहरा साधारण तसाच असतो. फरक बारीक ठिकाणी असतो. भीतीत भुवया वर जातात आणि एकमेकींकडे ओढल्या जातात, खालची पापणी ताणली जाते, बुबुळाच्या वरचं पांढरं दिसतं, ओठ कानांच्या दिशेनं ताणले जातात. आश्चर्यात भुवयांची कमान होते आणि जबडा नुसता सैल पडतो. नाट्यशास्त्रानं भय आणि विस्मय हे दोन निराळे स्थायीभाव मानले आणि नटाला ते वेगवेगळे करून दाखवायला शिकवलं. नटाला जे शिकावं लागतं, ते खाली उभ्या असलेल्या, सात-आठ फुटांवरून बघणाऱ्या, खेळाच्या भरातल्या पोराला चुकलं, यात मला अघटित काही दिसत नाही. (त्याचे डोळे शेवटचे कधी तपासले? चष्म्याचा नंबर निघतो का, ऐकू नीट येतं का, हे सगळ्यात आधी बघून घ्या. स्वस्त आणि पटकन होणारी तपासणी आहे, आणि चौथी-पाचवीतल्या कितीतरी मुलांचा नंबर असाच उशिरा लक्षात येतो.)

आणि ताई, तुमचंच वाक्य तुम्हाला वाचून दाखवते. ‘डोळे काय दाखवतो, नजर खाली!’ रागावू नका, हे वाक्य मीही माझ्या लेकाला म्हटलेलं आहे, माझ्या आईनं मला. आपल्या घरांत मोठ्यांनी रागावताना नजर वर करणं म्हणजे उद्धटपणा. पण विचार करा, ज्या क्षणी आईच्या चेहऱ्यावर काळजी, घाबरणं, दुखावलं जाणं असं सगळं एकदम उमटलेलं असतं, नेमक्या त्याच क्षणी आपण मुलाला चेहऱ्यावरून नजर काढायला लावतो. त्यानं मूल निर्दय होतं असं मी अजिबात म्हणत नाही. पण शिकायची चांगली संधी हातची जाते. तो तुमच्याकडे बघत होता. कदाचित तो तेव्हा तुमचा चेहराच वाचत होता.

तुमच्या पत्रात आणखी एक गोष्ट न तपासता गृहीत धरलेली आहे, की ज्याला दिसत नाही त्याला वाटतही नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही मुलांना, विशेषतः स्वमग्न मुलांना, समोरच्याच्या मनात काय चाललंय ते चटकन उमगत नाही, पण उमगलं की त्यांना मनापासून वाईट वाटतं. निर्ममतेची लक्षणं असलेल्या काही मुलांचं बरोबर उलट असतं. समोरच्याला काय वाटतंय ते त्यांना नेमकं कळतं, त्याचं काही वाटत मात्र नाही. तिसरीही शक्यता आहे. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये सायकोपॅथीचं निदान झालेल्या १८ गुन्हेगारांना, एकमेकांच्या हाताला हात लावणाऱ्या, दुखावणाऱ्या माणसांच्या चित्रफिती दाखवल्या आणि मेंदूचं काम मोजलं. नुसतं बघताना त्यांच्या मेंदूतला प्रतिसाद इतरांपेक्षा कमी होता. ‘या माणसाला काय वाटत असेल ते स्वतः अनुभवायचा प्रयत्न करा’ असं सांगितल्यावर तो फरक बराच कमी झाला. क्षमता होती, आपोआप जागी होत नव्हती. याच मोजपट्टीच्या दुसऱ्या टोकालाही माणसं आहेत. मार्श यांनी २०१४ मध्ये अनोळखी माणसाला स्वतःची किडनी देणाऱ्या १९ जणांचा अभ्यास केला, तर घाबरलेला चेहरा बघताना त्यांचा उजवा अमिग्डाला जास्त प्रतिसाद देत होता आणि आकारानंही मोठा होता. आपण सगळे या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतो, तुम्ही, मी आणि तुमचे दीरही.

तेव्हा ‘ओळखलं का’ हा प्रश्न बाजूला ठेवा. ‘कळल्यावर त्यानं काय केलं’ हा प्रश्न धरून ठेवा.

आता गच्ची. मी तुम्हाला धीर देते आहे म्हणून ती घटना लहान होत नाही. ते लेकरू पडलं असतं. सासूबाईंचं ‘पोट्टे असेच राहतात’ मला मान्य नाही. मुलाला हे शिकवायलाच हवं, फक्त त्याला चेहरा वाचता येईपर्यंत थांबू नका. असा नियम द्या ज्यासाठी चेहरा ओळखावाच लागत नाही: लहान मुलासोबत खेळताना ते गप्प झालं, ताठ झालं किंवा रडलं की खेळ तिथेच थांबवायचा आणि विचारायचं, ‘थांबू का?’ गप्प होणं हे त्यात सगळ्यात आधी सांगा. भ्यालेलं मूल ओरडेल असं मुलांना वाटतं, आणि खूप भ्यालेलं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही. शिडी, टाकी, कठडा, कुलरची मोटर यांच्याजवळ खेळ नाही, हा वेगळा नियम. त्याला स्पष्टीकरण दोन वाक्यांचं पुरे.

झालेल्या प्रसंगावर एकदा शांतपणे बोला, दोघंच. त्याच्या उंचीला बसा. ‘तू असं का केलंस’ असं विचारू नका, त्याला उत्तर नसतं. तुम्हाला काय दिसलं ते सांगा. ‘मी वर आले तेव्हा तिचे हात टाकीला असे घट्ट धरलेले होते. तिचे डोळे असे झाले होते.’ करून दाखवा. मग त्याला करायला सांगा, आरशात बघायला सांगा. आधी भीतीचा चेहरा, मग आश्चर्याचा. हसू येईल दोघांना, येऊ द्या. पुढे रोजच्या जगण्यात हे थोडं थोडं करत राहा. रविवारी सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर उभे असाल, मेट्रोत बसला असाल, तेव्हा हळूच विचारा, ‘त्या काकूंना काय झालं असेल रे? कशावरून म्हणतोस?’ टीव्हीवर आवाज बंद करून एखादा प्रसंग बघा आणि मग आवाजासकट बघा. चूक-बरोबर करू नका, गुण देऊ नका. ‘कशावरून’ हा प्रश्न नजरेला डोळ्यांकडे नेतो, बाकी काही करावं लागत नाही. आणि दुसऱ्याबद्दल विचारण्याआधी स्वतःचं सांगा. ‘आज ऑफिसातून आले तेव्हा माझा चेहरा कसा होता? मी दमले नव्हते, मला वाईट वाटलं होतं.’ आपण मुलांपासून वाईट वाटणं लपवतो आणि मग त्यांना ते ओळखता येत नाही म्हणून घाबरतो.

मारणं थांबवा. हे तत्त्व म्हणून सांगतेच, पण त्याला अभ्यासाचाही आधार आहे. डेव्हिड हॉझ आणि डॅड्स यांनी २००५ मध्ये पाहिलं की निर्ममतेची लक्षणं असलेल्या मुलांवर शिक्षेचा भाग कमी चालतो, तर चांगल्या वागण्याची दखल घेण्याचा भाग इतर मुलांइतकाच चालतो. म्हणजे समजा, अगदी समजा, तुमची भीती थोडीशी खरी निघाली, तरी थप्पड हे सर्वांत निरुपयोगी हत्यार आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. ही लक्षणं बऱ्याच अंशी आनुवंशिक असतात असं जुळ्या मुलांवरच्या अभ्यासात दिसतं, पण दत्तक मुलांवरच्या अभ्यासात असंही दिसलं की जन्मदात्या आईकडून तसा वारसा आलेला असला तरी दत्तक आईच्या शाबासकीनं, मायेनं त्याचा जोर कमी होतो. ऊबदार घर खरंच काम करतं.

दाखवायला कधी न्यायचं? एका प्रसंगावरून नको. पण घर, शाळा, वाडी अशा सगळीकडे, वर्षभर, पुन्हा पुन्हा असं दिसत असेल की कोणाला दुखवल्यावर त्याला काहीच वाटत नाही, दुसऱ्याच्या रडण्याचा फरक पडत नाही, अभ्यासाची, नापास होण्याची फिकीर नाही, माया दाखवली तरी ती काहीतरी मिळवण्यापुरती. किंवा तो प्राण्यांना मुद्दाम त्रास देत असेल, आग लावत असेल, चोरी करत असेल, तर उद्याची वाट बघू नका. नागपुरात मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात दाखवता येतं. खासगी बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञही आहेत. घरातून बाहेर पडायच्या आधी नुसतं बोलायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. गोपनीयतेचा हक्क मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ देतो. डॉक्टर परस्पर शाळेला कळवणार नाहीत. मात्र शाळेतल्या बाई त्याला रोज पाच-सहा तास बघतात. तो मैत्रिणीची बाटली सांडल्यावर काय करतो, कोणी पडलं तर उठवायला जातो का, हे तुम्ही साधेपणानं विचारू शकता. त्यासाठी कोणताही शब्द उच्चारायची गरज नाही.

नवऱ्याला आजच सांगा. तुम्ही लिहिलं नाही, पण ओळींमधून जाणवलं की ‘हे तुझ्या माहेरकडून आलं’ असं ऐकावं लागेल याची तुम्हाला भीती आहे. असं बोललं गेलं तर एवढंच म्हणा, की मूल दोघांचं आहे आणि मला एकटीला झोप येत नाहीये. दिरांनाही सांगा, तो शब्द या घरात पुन्हा नको. मुलं असले शब्द उचलतात आणि मग तसं होऊन दाखवतात.

हे पत्र वाचणाऱ्या काही जणींनी मला वेगळा प्रश्न पूर्वी विचारला आहे. ‘मी रडते ते नवऱ्याला दिसत नाही, तो सायकोपॅथ आहे का?’ त्यांच्यासाठी मोठ्या माणसाच्या बाबतीत एक सोपी गोष्ट. चेहऱ्यावर सोडू नका, तोंडानं सांगा. ‘मला आत्ता भीती वाटते आहे, थांब.’ हे स्वच्छ शब्दांत सांगितल्यावर जो थांबतो, त्याच्याशी पुढचं बोलणं होऊ शकतं, समुपदेशकाकडे जाता येतं. जो सांगूनही थांबत नाही, किंवा तुमची भीती बघून आणखी पुढे येतो, त्याचं निदान करत बसू नका. महिला हेल्पलाइन १८१ आहे, तातडीची वेळ असेल तर ११२.

ताई, आता ती एक ओळ. त्याला कोणी माफी मागायला सांगितली नव्हती. चेहरा वाचता आला नाही, पण संध्याकाळभर काहीतरी त्याच्या मनात राहिलं आणि रात्री तो उठला. नंदी म्हणजे तान्ह्या पोळ्याला सजवून मिरवलेली त्याची स्वतःची वस्तू. तुम्ही लिहिता, ‘रात्री नंदी तिच्या उशाशी ठेवून आला, सकाळी ती तो घेऊन गेली.’ आणि पुढच्या ओळीत थेट चाचणी. त्या नंदीबद्दल घरात त्याला कोणीच काही विचारलेलं दिसत नाही. आज झोपताना विचारा, ‘तू तो तिला का दिलास रे?’ आणि तो सांगत असताना त्याच्याकडे बघा, चोरून नाही, समोरून.